बरे झाले की मोकळे : पशुपक्ष्यांच्या रुग्णालयांचा एक जुना हिशेब



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ शाळा हे व्याख्यान योजते, त्यांचे इतिहासाच्या तासाला एक ठरलेले सांगणे असे. राजाने काय बांधले हे पाठ करा, पण त्यासाठी पैसा कोणाच्या खिशातून आला आणि बांधल्यावर ते चालवले कोणी, हे विचारल्याखेरीज धडा संपला असे समजू नका. आज मी जो विषय निवडला आहे, तो याच दोन प्रश्नांच्या आधाराने मांडणार आहे. विषय आहे जखमी व आजारी रानजीवांच्या शुश्रूषेचा : त्यांची रुग्णालये, तेथील रुग्ण, तेथे राबणारी माणसे आणि या सर्वांचा खर्च उचलणारा समाज.

आपण बडोद्याचे मराठी लोक. १७३४ साली गायकवाडांनी हे शहर कायमचे हस्तगत केले, तेव्हापासूनचा आपला येथील इतिहास आपण मोहिमा, तह, वाडे आणि संस्थानी सुधारणा यांच्या अंगाने वाचतो. तो वाचावाच. परंतु ज्या भूमीवर आपण येऊन वसलो, तिच्या व्यापारी पेठांत एक वेगळीच परंपरा आपल्या आधीपासून नांदत होती. पंख मोडलेल्या पाखरासाठी जागा, चारा आणि माणूस यांची तरतूद करणारी ही परंपरा होय. बखरींत तिचा उल्लेख सापडणार नाही. ती आढळते परदेशी प्रवाशांच्या पत्रांत आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत.

आरंभ मात्र पेठेत नव्हे, गिरनारच्या पायथ्याशी करावा लागेल. जुनागढजवळच्या प्रचंड शिळेवर सम्राट अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील या लेखांपैकी दुसऱ्या लेखात राजा सांगतो की, मनुष्यांच्या आणि पशूंच्या अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था आपण केली आहे. उपयोगी औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या आहेत. वाटेवर विहिरी खोदल्या व झाडे लावली आहेत. या मजकुरावरून अशोकाने जनावरांची इस्पितळे बांधली असे पुष्कळांनी लिहिले आहे. मूळ शब्द चिकित्सेचा आहे, इमारतीचा नाही. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावरच थांबावे. तरीही एक गोष्ट निःसंशय उरते. आजारी पशूची काळजी ही राज्यव्यवस्थेने वाहावयाची जबाबदारी आहे, हा विचार या गुजरातच्या दगडावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ लिहिलेला आहे.

इमारतीचा, रुग्णांचा आणि सेवकांचा प्रत्यक्ष वृत्तान्त मिळतो तो खंबायतचा. आपल्या बडोद्याहून दोनेक तासांच्या अंतरावरचे हे बंदर मोगलाईत भरभराटीस आलेले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन गेलेला राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी खंबायतविषयी लिहिताना लंगड्या कुत्र्यामांजरांच्या व पक्ष्यांच्या इस्पितळांचा उल्लेख करतो. त्यानंतर १६२३ साली, जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव तेथे आला. त्याने पाखरांचे इस्पितळ स्वतः आत जाऊन पाहिले आणि आपल्या पत्रात त्याचे तपशीलवार वर्णन केले. आजारी, लंगडे, जोडीदारापासून तुटलेले अशा नाना जातींच्या पक्ष्यांना तेथे ठेवून त्यांची निगा राखली जात होती, आणि त्यांची सेवा करणाऱ्या माणसांचा निर्वाह लोकांच्या दानातून होत होता.

त्याच ठिकाणी त्याने उंदरांची आईवेगळी पिल्ले पाहिली. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या त्या इवल्याशा जीवांना पिसाच्या टोकाने दूध पाजत होता. मोठी झाली की त्यांना वाटेल तिकडे जाऊ द्यावयाचे, असे त्याने पाहुण्यास सांगितले. युरोपातून आलेल्या मनुष्यास हे दृश्य नवलाचे वाटले असल्यास नवल नाही. आपण मात्र या पत्रातले दुसरे एक वाक्य अधिक लक्षपूर्वक वाचले पाहिजे. बरे झालेल्या पक्ष्यांपैकी जे रानटी असत त्यांना मोकळे सोडीत, आणि जे पाळीव असत ते एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या घरी सांभाळण्यास देत, असे तो नोंदवतो.

या एका नियमात मला सर्व विषयाचे सार दिसते. आजच्या वन्यजीव-पुनर्वसन केंद्राचे पहिले तत्त्वही हेच आहे. पाळीव जनावराची चिकित्सा त्याच्या धन्यासाठी होते. बैल बरा झाला की औताला जुंपला जातो, घोडा टांग्याला. रानपाखराला धनी नाही. ते बरे झाले म्हणजे निघून जाते, आणि ज्याने बरे केले त्याच्या हाती काहीच उरत नाही. असा रुग्ण फी देत नाही, आभार मानत नाही आणि पुन्हा भेटतही नाही. म्हणूनच अशा रुग्णालयाची खरी कसोटी दयेच्या उमाळ्यात नसून, तो उमाळा ओसरल्यावरही चारा आणि पगार चालू राहतो की नाही, यात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या खंबायतने ही कसोटी कशी पार केली, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न आहे.

त्याआधी या चित्राची दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. खंबायतच्या दुसऱ्या एका इस्पितळात गाईवासरांमध्ये देल्ला व्हाल्लेला एक माणूस आढळला. चोरी करताना पकडल्यामुळे त्याचे दोन्ही हात तोडण्यात आले होते. तो उपाशी मरू नये म्हणून दयाळू लोकांनी त्याला त्या मुक्या जनावरांतच ठेवून घेतले होते आणि त्याला काही कमी पडू देत नव्हते. या प्रसंगाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने लावावा. ज्याला नगराने टाकले त्याला जनावरांच्या इस्पितळाने आसरा दिला, हे खरे. पण हात तोडलेल्या माणसाला त्या नगरात जनावरांच्या गोठ्याखेरीज दुसरी जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

सुरतेचे इस्पितळही असेच प्रसिद्ध होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री, ढेकूण-पिसवांचे पोषण व्हावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेला बांधून ठेवीत, अशी कथा सांगतो. प्रवाशांना चमत्कारिक गोष्टींची आवड असते हे ध्यानात ठेवून अशा कथा वाचाव्यात. पुढे १८२३ मध्ये अलेक्झांडर बर्न्स याने तेच ठिकाण पाहिले. हा बर्न्स म्हणजे १८४१ साली काबूलमध्ये मारला गेलेला प्रसिद्ध अधिकारी. त्यानेही किड्यांसाठी धान्य टाकण्याची कोठी पाहिली, आणि पंचाहत्तर वर्षे तेथेच असलेल्या एका कासवाची हकीकत लिहून ठेवली.

त्या कासवापाशी थोडे थांबले पाहिजे. खंबायतचा नियम मोकळे सोडण्याचा होता; सुरतेचे कासव पाऊण शतक आतच राहिले. पांजरापोळ नावाने पुढे सर्वत्र पसरलेल्या संस्थेत या दोन्ही प्रवृत्ती दिसतात. एक प्रवृत्ती जीव वाचवून त्याला त्याचे आयुष्य परत देते. दुसरी मरेपर्यंत सांभाळते. म्हाताऱ्या गाईसाठी दुसरी योग्य आहे. रानजीवासाठी मात्र ती बहुधा कैद ठरते. आजही एखाद्या सहृदय घरात बरा झालेला पोपट पिंजऱ्यातच राहतो, तेव्हा त्या घरातली माया खरी असते, आणि तरीही पोपटाचे नुकसान होतच असते.

आता पैशाकडे वळू. गुजरातच्या पेठांत व्यापाऱ्यांच्या महाजनाने स्वतःवरच एक कर बसवून घेतला होता. त्याला गुजरातीत लागो म्हणतात. आपण लागा म्हणू. कापसाच्या गाठीमागे, धान्याच्या वा साखरेच्या पोत्यामागे, काही ठिकाणी हुंडीच्या व्यवहारामागे अगदी अल्पशी रक्कम बाजूला काढली जाई आणि ती पांजरापोळीच्या खाती जमा होई. महाजनाचा नियम मोडणाऱ्यास झालेला दंडही पुष्कळदा याच कामी लागे. लग्नकार्य, पुत्रजन्म, मृत्यू, पर्युषण अशा निमित्तांनी येणारे दान निराळे.

या पद्धतीचे मर्म असे की, देणाऱ्याला रोज दयाळू होण्याची गरज पडत नसे. सौदा झाला की हिस्सा निघाला. व्यापाऱ्याचे मन त्या दिवशी उदार असो वा चिडलेले असो, लंगड्या पाखराच्या दाण्यात फरक पडत नसे. मनाच्या लहरीवर अवलंबून असणारी करुणा या माणसांनी वहीतल्या एका रकान्यात बांधून टाकली, आणि म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आपल्याकडच्या जुन्या पावत्यांवर धर्मादाय म्हणून एक वेगळी ओळ असे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमजेल.

मुंबईत हीच व्यवस्था एका दंग्यानंतर आली. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये तेथे मोठा क्षोभ उसळला. त्यात पारशी आघाडीवर होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. व्यापारी मालावरच्या लाग्याची प्रथा तेथेही आली. दोन निरनिराळ्या धर्मांच्या धनिकांनी मिळून हे काम केले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कुत्र्याविषयीची पारशांची भावना आणि सर्व जीवांविषयीची जैनांची भावना यांची धर्मशास्त्रे वेगळी आहेत. परंतु कोंडवाड्यात चारा टाकण्यासाठी दोघांचे शास्त्र एक असावे लागत नाही.

या सर्व संस्थांत एक उणीव होती. दया होती, पैसा होता, सेवक होते. वैद्य क्वचितच असे. ती उणीव भरून निघण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली, तिच्या प्रयत्नांतून आणि पेटिट घराण्याच्या दानातून परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालयही मुंबईत सुरू झाले. पण या नव्या शास्त्राचा रुग्ण मुख्यतः घोडा, बैल आणि म्हैस हा होता. रानजीव अद्याप दारातच उभा होता. त्याच्याविषयी सरकारदरबारी विचार होई तो शिकारीच्या परवान्यापुरता.

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू बदलला. १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधाचा नवा कायदा झाला आणि त्यानुसार स्थापन झालेल्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तर प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट केले. १९७२ च्या कायद्याने एक गोष्ट मुळापासून बदलली. संरक्षित वन्यप्राणी आता कोणालाही हौसेने घरी ठेवता येत नाही. त्याची जबाबदारी शासनाची झाली, आणि तो सापडल्यास वनखात्यास कळवणे आवश्यक ठरले. खंबायतच्या त्या वृद्ध गृहस्थाने जे आपल्या धर्मबुद्धीने केले, तेच आज करावयाचे तर वनखात्याची अनुमती लागते. काहींना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. बरे झाले की मोकळे सोडणे हा जो जुना नियम, त्यालाच या कायद्याने बळ दिले आहे.

परंतु कायदा आणि दया एकत्र आल्या तरी ज्ञान नसेल तर काय होते, याचा अत्यंत दारुण धडा आपल्या पिढीने पाहिला. तो धडा गिधाडांचा. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक उरावे इतकी घटली. कारण प्रथम कळेना. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उघड झाले. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध गुराढोरांना दिले जाई. जनावर मेले की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाड मरे. दुखणाऱ्या गाईची वेदना कमी करावी, या दयेपोटी दिलेल्या औषधाने आकाशातला सफाई कामगार नाहीसा झाला. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. त्याच प्रकारच्या आणखी दोन औषधांवर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली. ज्या गुजरातेत पांजरापोळी सर्वाधिक, तेथेही आज गिधाड दुर्मीळ आहे. एका जीवावरच्या करुणेची किंमत दुसऱ्या जीवाने मोजली.

म्हणून आजच्या रुग्णालयास तिन्ही हवेत : दया, नियम आणि शास्त्र. याचे जिवंत उदाहरण दरवर्षी जानेवारीत आपल्या डोळ्यांसमोर घडते. उत्तरायण हा गुजरातचा मोठा सण. आपणही तो तिळगुळाइतक्याच उत्साहाने साजरा करतो. काचेची पूड लावलेला मांजा आकाशभर ताणला जातो, आणि पहाटे चाऱ्यासाठी निघालेले व सायंकाळी परतणारे थवे त्यात सापडतात. गुजरात शासनाने २०१७ पासून या दिवसांत करुणा अभियान सुरू केले. वनखाते, पशुपालन खाते आणि शेकडो स्वयंसेवक त्यात काम करतात. प्राण्यांच्या मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी असूनही तो मांजा झाडांवर व तारांवर लोंबताना दिसतो, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे.

गेली काही वर्षे या दिवसांत मी अशाच एका केंद्रावर नोंदवही लिहावयास बसतो. शस्त्रक्रिया मला येत नाही. अक्षर बरे आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले. सर्वाधिक नोंदी पारव्यांच्या. मग घारी, पोपट, काळे शराटी, गव्हाणी घुबडे, क्वचित एखादा चित्रबलाक. आणणारे लोक सर्व थरांतले असतात. एकदा एक रिक्षाचालक स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून घार घेऊन आला. थंडीत उघड्या अंगाने तास दीड तास थांबला, आणि स्वेटर रक्ताने भरला म्हणून तेथेच टाकून गेला. नोंदवहीत आणणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो, स्वेटरचा नसतो.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पाखरू प्रथम अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवतात, कारण माणसांची गर्दी आणि उजेड यांच्या धास्तीनेच अनेक पक्षी दगावतात. चोचीत पाणी ओतत नाहीत. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गुंतलेला मांजा ओढून न काढता कापून काढतात. रक्त थांबवतात, अंगात ऊब आणतात, आणि मगच पशुवैद्य टाके घालण्याचा विचार करतो. सर्वांत कठीण जखम पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या पातळ कातडीची. ती नीट सांधली नाही तर हाड शाबूत असूनही पंख पुरता उघडत नाही. त्यानंतरचे आठवडे मोठ्या पिंजऱ्यात उडण्याच्या सरावाचे. तुटलेली मोठी पिसे पुन्हा येण्यास काही महिने लागतात. सण दोन दिवसांचा, शुश्रूषा मात्र पावसाळ्यापर्यंत चालते. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे पंधरा जानेवारीची असतात. खर्चाचा मोठा भाग त्यानंतरचा असतो.

नोंदवहीचा शेवटचा रकाना निकालाचा. सोडले, मृत, उपचार चालू, आणि सोडण्यास अयोग्य, असे चार शब्द त्यात येतात. पहिल्या शब्दाचा आनंद मोठा, हे सांगावयास नको. तरुण स्वयंसेवकांना पचवणे जड जाते ते दुसऱ्या व चौथ्या शब्दाचे. आणलेल्या जीवांपैकी बरेच वाचत नाहीत, हे सत्य कोणत्याही प्रामाणिक केंद्राने लपवू नये. चौथ्या शब्दातून मात्र एक अवघड जबाबदारी निर्माण होते. जे सोडता येत नाहीत त्यांचे काय? महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत पोरक्या झालेल्या पिल्लांना जवळ केले, आणि त्यातून रानजीवांचे अनाथालय उभे राहिले. आदिवासींची शिकार भुकेपोटी होती. म्हणून पिल्लाच्या बदल्यात त्या कुटुंबाच्या अन्नाची सोय पाहणे हाही त्या कामाचा भाग होता. माणसाची भूक बाजूला ठेवून प्राण्यावरची दया टिकत नाही, हे तेथे प्रत्यक्ष कृतीने सांगितले गेले.

कोणता रुग्ण आपला, हाही एक जुनाच प्रश्न आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. १९२९ साली किनारी बाजारात ते सुरू झाले आणि १९५७ पासून सध्याच्या जागी आहे. केवळ दानावर चालणारे हे काम कोणाचीही मान आदराने लवावी असे आहे. बरे झालेले पाखरू तेथे आकाशात सोडतात. परंतु मांसाहारी पक्ष्यांना आत ठेवून घेण्याचा तेथे प्रघात नव्हता. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या बंधूंनी तरुणपणी एक जखमी घार उचलली, तेव्हा तिच्यासाठी जागा मिळाली नाही. पुढे त्यांनी आपल्या घराच्या तळघरातच घारींची शुश्रूषा आरंभली. साबणाची उपकरणे बनवण्याच्या छोट्या धंद्यावर त्यांनी हजारो पक्ष्यांचा खर्च वर्षानुवर्षे चालवला. २०२२ च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे हे काम जगापुढे आले. यातून कोणाला कमी लेखण्याचे कारण नाही. पहिल्या संस्थेचे व्रत तिच्या आचारधर्मातून आले होते आणि त्यामुळेच ती इतकी वर्षे निष्ठेने चालली. पण जखमेला आहार नसतो. पारव्याचा आणि घारीचा पंख एकाच मांजाने कापला जातो.

आणि बडोदेकरांना तर घारीपेक्षाही अवघड शेजारी लाभला आहे. आपली विश्वामित्री मगरींची नदी आहे. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणे ही जगात विरळा गोष्ट. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात पाणी घराघरांत शिरले आणि त्याबरोबर मगरीही आल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांतच वस्तीतून चोवीस मगरी सोडवण्यात आल्या. साप, कासवे, साळिंदर हे निराळे. वनखात्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर कमरेइतक्या पाण्यात उतरलेली ही मुले याच शहरातली होती, आणि त्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या घरांत त्या वेळी पाणी होते. मगर देखणी नाही, उपकार स्मरत नाही, आणि हाती लागली तर चावते. तिला पकडून, जखम असल्यास उपचार करून, पुन्हा पाण्यात सोडणे यात पुण्याचा हिशेब फार थोडा आणि नागरिकत्वाचा अधिक आहे. १८९२ साली सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी या शहरास आणून दिले. त्या जलाशयाच्या आणि नदीच्या खोऱ्यात माणसाबरोबर मगरीही राहतात, हे आपण स्वीकारलेले सहजीवन आहे.

अध्यक्षमहाराज, मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. खंबायतने कसोटी पार केली ती लाग्याच्या बळावर. आज तो लागा कोठे आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्यासाठी मान्य केलेल्या कामांत वन्यजीवांचे व प्राण्यांचे कल्याणही आहे. एका अर्थाने हा लाग्याचाच नवा अवतार म्हणावा. फरक इतकाच की, महाजनाचा लागा लहानातल्या लहान व्यापाऱ्यापासून निघे आणि ज्या गावातून निघे त्याच गावात खर्ची पडे. पोत्यामागे हिस्सा देणारा दुकानदार संध्याकाळी पांजरापोळीवरून घरी जाई. आपला दाणा कोठे गेला हे त्याला डोळ्यांनी दिसे. ही जवळीक कायद्याने निर्माण होत नाही.

आपल्या काळात करुणा सणासुदीची झाली आहे. चौदा जानेवारीस ती उफाळते, पुरात ती पोहत जाते, आणि मार्चअखेर पिंजऱ्यातल्या शराटीच्या माशांचे पैसे कोठून आणावे, या विवंचनेत केंद्राचा चालक एकटा बसलेला असतो. स्वयंसेवकांना शौर्य शिकवावे लागत नाही; ते त्यांच्यात भरपूर आहे. त्यांच्या पाठीशी उभी राहणारी वहीच हरवली आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघापुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रत्येकाने वर्षातून एकदा, आपल्या पगाराच्या वा धंद्याच्या मानाने ठरलेली, देताना जाणवणार नाही इतकी लहान रक्कम द्यावी. सणाच्या भरात नव्हे, तर जून महिन्यात, शाळा उघडते त्या दिवशी. तो निधी शहरातील मान्यताप्राप्त शुश्रूषाकेंद्राच्या औषध-चाऱ्यासाठीच खर्च व्हावा. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी तेथे जाऊन नोंदवही लिहावी. किती आले, किती सोडले, किती दगावले, हे त्यांनी स्वच्छ अक्षरात मांडावे. आणि दरवर्षी याच सभागृहात, स्मृतिव्याख्यानाच्या आधी, तो हिशेब एका विद्यार्थ्याने उभे राहून वाचून दाखवावा, दगावलेल्यांच्या आकड्यासकट.

दान देणाऱ्यांची नावे वाचू नयेत. ज्यांच्यासाठी ते दिले, ते ती ऐकणार नाहीत. पण पैसा कोणाचा आणि चालवले कोणी, या आपल्या गुरुवर्यांच्या प्रश्नाला त्या वहीतून दरवर्षी एक उत्तर मिळेल, आणि पुढे कधी कोणी या शहराचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला ते उत्तर हाताशी असेल.